एका विशेषणाची चौकशी

जंगल खात्यात आयुष्य गेलं म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात आणि विचारतात, "मग वाघाचं सांगा." या आठवणी मागणाऱ्या संपादकांच्या पत्रातही तीच अपेक्षा दिसते. म्हणून आधीच सांगून टाकतो. वाघ मी नोकरीत दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा तो मेलेला होता. एकदा बैलगाडीत आणि एकदा पंचनाम्याच्या वेळी. पंचनामा मीच लिहिला होता. त्यात मी त्या वाघाला 'मॅजेस्टिक' म्हटलं होतं, आणि वरून विचारणा आली होती की मॅजेस्टिक म्हणजे किती फूट किती इंच ते कळवावं.

माझं काम हे असं होतं. मी इंग्रजी कारकून. पन्नाशीच्या दशकात, गडचिरोली अजून चांदा जिल्ह्याचाच भाग होती तेव्हा, आलापल्लीच्याही पलीकडच्या एका रेंजच्या कचेरीत मी लागलो. रेंजर साहेब रानात फिरायचे, जे घडलं ते मला मराठीत सांगायचे, आणि मी ते इंग्रजीत करून विभागाच्या कचेरीकडे पाठवायचो. वरचे साहेब फक्त इंग्रजी कागद वाचत. म्हणजे रानात काय घडलं हे सरकारला कळायचं ते माझ्या दौतीतून. ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती. मला वाटायचं, मी फक्त सजावट करतो.

माझे वडील चामोर्शीकडचे ढिवर. गावच्या तलावात मासे धरणं हा आमचा पिढ्यांचा धंदा. घरात पहिलं अक्षर मी काढलं आणि तालुक्याच्या शाळेत इंग्रजीत पहिला आलो. हेडमास्तरांनी बक्षीस म्हणून स्वतःच्या कपाटातला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश दिला. त्याची पहिली चाळीस पानं वाळवीनं खाल्लेली होती. नागपूरला बी.ए. करताना माझ्या अंगात जो कोट होता, तो गावानं वर्गणी काढून शिवला होता. या लोकांचे उपकार फेडायचे कसे, हा प्रश्न मला रात्रंदिवस असे. उत्तर एकच सुचलं, की इतकं भारी इंग्रजी लिहायचं की ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव व्हावं. गरीब माणसाच्या पोराला एकदा चांगली वस्तू मिळाली की तो ती घरातही अंगावर घालून बसतो. मी इंग्रजी तसं घातलं होतं, उन्हाळ्यातसुद्धा, वरपर्यंत बटणं लावून.

कचेरीत इंग्रजी वर्तमानपत्र तीन-चार दिवसांनी यायचं. त्यातली चांगली विशेषणं मी एका वहीत उतरवून घ्यायचो आणि संधीची वाट बघायचो. पण त्या रानात संधी यायची कुठून? लाकडाची गाडी नाल्यात रुतली, नाक्यावरचं छप्पर उडालं, जंगल खात्याच्या हत्तिणीनं दोन दिवस चारा खाल्ला नाही, असल्या बातम्या. त्या हत्तिणीला मी 'इन्कन्सोलेबल' लिहिलं. म्हणजे जिचं दुःख कशानंच निवत नाही अशी. वरून तार आली, 'दुःखाचं कारण कळवा.' मी घाबरून चौकशी केली, तर तिचा माहूत आठ दिवसांपूर्वी रजेवर गेलेला. त्याला बोलावून घेतलं. तो येऊन तिच्या सोंडेला बिलगला आणि हत्तीण खायला लागली. माझं विशेषण चुकून खरं निघालं होतं! रेंजर साहेब आले आणि म्हणाले, "काऊन हो बी.ए., हत्तीच्याही मनातलं कळते का तुम्हाले?"

ते मला नावानं हाक मारत नसत, बी.ए. म्हणत. वऱ्हाडातले, पोटदुखीनं त्रासलेले, बोलायला कडक आणि मनानं मऊ. त्या शाबासकीनं माझी बुद्धी बिघडली. माणूस अपयशानं बिघडतो असं म्हणतात. मी हत्तिणीमुळे बिघडलो.

त्याच उन्हाळ्यात माझ्या वहीत एक नवा शब्द आला, 'प्रोव्होकेटिव्ह'. कुठल्याशा देशाच्या मंत्र्यानं सरहद्दीवर जाऊन भाषण केलं होतं, त्याला शेजारच्या देशानं हे विशेषण लावलं होतं. मी शब्दकोश उघडला. 'प'ची पानं वाळवीपासून वाचलेली होती. अर्थ दिला होता, राग, क्षोभ किंवा उलट कृती जागी करणारे. पुढे लहान अक्षरांत लिहिलेलं की औपचारिक लिखाणात योग्य. आपल्याकडे चिथावणीखोर म्हणतात ते. पण चिथावणीखोर म्हटलं की बाजारातलं भांडण वाटतं, आणि प्रोव्होकेटिव्ह म्हटलं की दोन देशांचं. मला तो शब्द इतका आवडला की दोन दिवस तोंडात घोळवत फिरलो. कोणाला लावावा हे मात्र सापडेना.

आणि मग कुरूमटोल्याचं प्रकरण आलं.

कुरूमटोला हे वनग्राम होतं. म्हणजे खात्यानं जंगलातल्या कामासाठी वसवलेलं गाव. घराखालची जमीन खात्याची. राहणारा माणूस कराराचा. त्यानं नांगरावं, राहावं, आणि बोलावलं की कामाला यावं. खात्याची मर्जी गेली तर करार जाई, आणि करारासोबत घरही. गावात तेरा घरं, सगळी माडिया लोकांची. गावाचा प्रमुख पुसू गायता. गायता म्हणजे गावाच्या देवाचं बघणारा माणूस, सण कधी करायचा आणि बियाणं कधी उघडायचं हे ठरवणारा.

पावसाच्या आत तोडलेलं सागवान डेपोत पोचवायचं असतं. नाहीतर ते नाल्यापलीकडे अडकून पडतं. म्हणून रेंजर साहेब कुरूमटोल्याच्या गाड्या बोलवायला स्वतः गेले. दुपारी परत आले ते लाल होऊन. पाणीही न पिता माझ्या टेबलासमोर बसले.

"लिहा बी.ए. वाटंवर फांदी टाकून ठेवली त्यानं आडवी. म्हणते, आत येऊ नका. गाड्या देत नाई म्हणते. मी तिथी उभा, एक कैरी तोडाले हात वर केला, तर माहा हात धरला त्यानं! माहा हात! अन् सारे हसून राह्यले."

"काही बोलला का साहेब?"

"म्हणते, आज जंगल सुट्टीवर आहे."

मला खरं तर ते वाक्य ऐकून हसू आलं होतं. ते मी दाबलं, आणि त्याच क्षणी वहीतला शब्द उठून उभा राहिला. वाट अडवली, हात धरला, हसले. सरहद्दीवरचा मंत्री तरी याहून काय करत होता? मी लिहिलं की गायत्याचं वर्तन 'डेलिबरेटली प्रोव्होकेटिव्ह' होतं. समजून-उमजून चिथावणीखोर. साहेबांनी कागदावर सही केली. 'डेलिबरेटली' म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. संध्याकाळी टपालवाला कागद घेऊन निघाला तेव्हा मी दारात उभं राहून त्याच्याकडे बघत होतो. मुलीची पाठवणी करताना बघतात तसं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्यात माझा शब्द अवतरणचिन्हांत होता. विभागाच्या कचेरीनं माझं इंग्रजी अवतरणचिन्हांत घेतलं, या आनंदात मी पुढचा मजकूर दुसऱ्या वाचनाला वाचला. लिहिलं होतं की ज्या अर्थी रेंज कचेरीनेच हे वर्तन चिथावणीखोर ठरवलं आहे, त्या अर्थी पुसू गायत्याचा करार रद्द करण्यात येत आहे. त्यानं मृग लागायच्या आत कुटुंबासह वनग्राम सोडावं. ही नोटीस त्याला वाचून दाखवून अंगठा घ्यावा.

रेंजर साहेबांनी ऐकलं आणि पोटावर हात ठेवला. म्हणाले, "इतकं नव्हतं जी. म्या तर रागाच्या भरात सांगतलं होतं. एखादा दिवस हजेरीतून उडवला असता त्याले, झालं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लिहिलं काय होतं तुम्ही?"

नोटीस वाचायला मला आणि सोमाजीला पाठवलं. सोमाजी आमचा नाकेदार, म्हणजे जंगलाचा शिपाई. त्याला गोंडी येई. इंग्रजीचं मराठी मी करायचं, मराठीचं गोंडी त्यानं. वाटेत मी त्याला विचारलं, त्या दिवशी तू साहेबांसोबत होतास, नक्की झालं काय?

"काई नाई बाबूजी. आंब्याचा पंडुम होता त्याईचा. सण. पंडुम झाल्याबिगर ते आंबा तोंडात घालत नाईत, तोडतही नाईत. त्या दिवशी गावात बाहेरच्यानं शिराचं नाई, गावातल्यानं बाहेर निंघाचं नाई. म्हणून फांदी टाकतेत वाटंवर. फांदी म्हणजे भांडण नाई. फांदी म्हणजे आज नाई, उद्या."

"आणि हात धरला तो?"

"साहेबानं कैरीले हात घातला ना. मंग धरला. लेकरू चुलीजवळ गेलं का आपण धरत नाई का, तसा." सोमाजी चालता चालता हसला. "मी बी हासलो. साहेबाचं तोंडच तसं झालं होतं."

"आणि गाड्या?"

"तिसऱ्या दिवशी आल्या ना साऱ्या! लाकूड डेपोत पडलं हाये. तुम्हीच तं पावती लिहिली."

ती पावती मीच लिहिली होती. बावीस गाड्या माल पोचल्याची. तिच्यात एकही विशेषण नसल्यामुळे ती माझ्या लक्षात राहिली नव्हती.

पुसू गायता पन्नाशीचा, काटक, डोक्याला फडकं बांधलेला माणूस. आम्ही आलेलो पाहून त्यानं खाट टाकली, आणि त्याची बायको मैनी हिनं टोपलीभर आंबे आणून ठेवले. सोमाजी म्हणाला, "खा म्हणते. आता पंडुम झाला, आता तुम्हाले चालते."

खिशात नोटीस असलेल्या माणसानं आंबा खावा की नाही, याबद्दल नोकरीच्या नियमात काही नाही. मी तीन खाल्ले. गोड होते. मग हात धुतले आणि कागद काढला.

मी वाचत गेलो आणि सोमाजी सांगत गेला. 'चिथावणीखोर'पाशी तो अडला. "बाबूजी, हे कसं सांगू? गोंडीत असं वर्तन नसते. कोणी कोणाले चिथावते, मंग तो दुसरा काईतरी करते. उठते, मारते, जाळते. इथी कोण उठला?"

"तू सांग तर खरं," मी म्हणालो.

त्यानं सांगितलं. गायत्यानं काहीतरी विचारलं. सोमाजी मराठीत म्हणाला, "तो विचारते, माह्या बोलण्यानं कोणी काय केलं?"

मी आठवून पाहिलं. रेंजर साहेब परत आले होते, अहवालावर सही करून पाणी प्यायले होते, पोटदुखीवरची चुनखडीची पूड घेऊन झोपले होते. गावानं सण केला होता. तिसऱ्या दिवशी गाड्या आल्या होत्या. चिथावला गेलेला माणूस सगळ्या प्रकरणात एकच होता, आणि तो गायत्याच्या खाटेवर हातात नोटीस धरून बसला होता. त्या दिवसाच्या घटनेनं उठून कृती केली होती ती फक्त मी.

गायत्यानं अंगठा दिला. भांडला नाही. सोमाजीमार्फत एवढंच म्हणाला की मृगाच्या आधी बियाण्याचा पंडुम आहे. तो झाल्याशिवाय गावाला पेरता येत नाही, आणि तो करणारा तोच आहे. तो करीन, मग छपराची लाकडं उतरवून बायको-पोरांना घेऊन निघीन. मैनीनं उरलेले आंबे आमच्या पिशवीत बांधून दिले.

परतताना सोमाजी म्हणाला, "बाबूजी, हा गेला तं पुढल्या साली या गावचं बियाणं कोण उघडल?"  मला फक्त एवढं कळत होतं की पावसाच्या तोंडावर एका माणसाचं घर उतरणार आहे, आणि ते माझ्या वहीतल्या एका शब्दानं उतरणार आहे.

आता कोणालाही वाटेल की मी लगेच जाऊन खरं सांगून टाकलं असेल. नाही. मी कच्च्या नोकरीत होतो. कायम व्हायला चार महिने उरले होते. 'शब्द माझा होता' असं म्हटलं तर साहेबांनी न वाचता सही केली असाही त्याचा अर्थ होत होता. शिवाय गावात तो कोट शिवणारे लोक होते. म्हणून मी भित्र्या माणसाची वाट धरली. विशेषणानं बिघडलेलं दुसऱ्या विशेषणानं दुरुस्त करायला गेलो.

मी रेंजर साहेबांच्या सहीनं एक खुलासा पाठवला, की सदर चिथावणी 'माइल्ड', म्हणजे सौम्य स्वरूपाची होती. उत्तर आलं की सौम्य असो वा तीव्र, चिथावणी झाल्याचं रेंज कचेरी पुन्हा एकदा मान्य करत आहे, याची नोंद घेतली. मी दुसरा खुलासा लिहिला की ती 'अन्इन्टेन्शनल' होती, हेतुपुरस्सर नव्हती. उत्तर आलं की पहिल्या अहवालात 'डेलिबरेटली' असं म्हटलं आहे, तरी दोन्हींपैकी खरं कोणतं ते मोठे साहेब दौऱ्यावर येतील तेव्हा समक्ष विचारतील. मी चिखलातून पाय काढायला गेलो आणि दुसराही घालून बसलो. लहानपणी तलावात बाबा ओरडायचे, "हालू नको रे, हालला का जास्त जाशीन." तेच खरं होतं.

मोठे साहेब, म्हणजे विभागाचे अधिकारी, मृगाला दहा दिवस असताना आले. विश्रामगृहाच्या पडवीत टेबल मांडलं. रेंजर साहेब समोर, मी फाईल धरून बाजूला, सोमाजी पायरीशी. मोठे साहेब चष्म्यातून कागद वाचत होते आणि मधेच मान वर करत होते.

"रेंजर, गायत्यानं तुमचा हात धरला. तुम्ही काय केलं?"

"परत आलो साहेब."

"मारामारी?"

"नाई जी."

"गावकरी जमले, घोषणा दिल्या, काम बंद पाडलं?"

"नाई साहेब. एका दिवसानं... म्हणजे तिसऱ्या दिवशी आले साऱ्या गाड्या घेऊन."

साहेबांनी चष्मा काढला. "मग हा शब्द कशासाठी? इंग्रजीत हा शब्द लावला की विचारायचं असतं, कोणाला आणि कशाला. एकानं केलं आणि दुसरा पेटला, तर तो लागतो. इथे पेटलं कोण? हा शब्द तुम्ही लिहिलात?"

रेंजर साहेबांनी कागदावरच्या आपल्या सहीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही, आणि हेच मला लागलं. पाहिलं असतं तर मला त्यांचा राग तरी आला असता. सही त्यांची होती, ती ते आपल्या अंगावर घेऊन बसले होते. पडवीत एक माशी कागदावर चालत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि माझ्याच तोंडातून आवाज आला.

"शब्द माझा आहे साहेब."

"तुमचा? तुम्ही तिथे होतात?"

"नाही."

"मग कुठून मिळाला?"

"वर्तमानपत्रातून."

"काय छापलं होतं?"

"परदेशच्या मंत्र्यांचं भाषण होतं साहेब. सरहद्दीवरचं."

मोठ्या साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि गायत्याचं भाषण काय होतं?"

"आज जंगल सुट्टीवर आहे, एवढंच."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसले नाहीत. हसण्यासारखं ते नव्हतंच. म्हणाले, "आत जाऊन बसा. जे घडलं ते लिहा. कोण आलं, कोणी काय केलं, पुढे काय झालं. एकही विशेषण आलं तर फाडून टाकीन."

मला अकरा ओळी लिहायला पूर्ण दुपार लागली. ज्यांना वाटतं की साधं लिहिणं सोपं असतं, त्यांनी कधी विशेषणांचं व्यसन केलेलं नसतं. प्रत्येक नामाच्या आधी माझा हात अडायचा. 'आंब्याचा सण होता. सणाआधी गाव आंबा तोडत नाही. वाटेवर फांदी होती. साहेबांनी कैरीला हात लावला, गायत्यानं हात धरला आणि सोडला. साहेब परत आले. तिसऱ्या दिवशी बावीस गाड्या माल पोचला.' लिहून झाल्यावर वाचलं तर त्या कागदावर कोणाचाच गुन्हा राहिला नव्हता. इतकं करून मी सगळ्यांचा गुन्हा काढून टाकला होता, माझा सोडून.

मोठ्या साहेबांनी तो वाचला, खाली सही केली आणि करार रद्द करण्याचा हुकूम मागे घेतला. मला मात्र लेखी ताकीद देण्याचं फर्मावून ते निघून गेले.

ताकीद रेंज कचेरीतून द्यायची होती. रेंजर साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, जरा ओशाळले. "बी.ए., तुम्हाले ताकीद काढाची आहे. पण इथी इंग्रजी लिहिणारा तुमच्याबिगर कोण आहे? तुम्हीच लिहा बाप्पा."

मी स्वतःला ताकीद लिहिली. दोन ओळी, साध्या. त्यांनी वाचून पाहिली. "कोरडी झाली हो. एखादं विशेषण टाका ना."

मी 'केअरलेस' टाकलं. बेफिकीर. माझ्या सबंध नोकरीत इतकं अचूक लागलेलं विशेषण दुसरं नाही.

हुकूम मागे घेतल्याचा कागद विभागाच्या कचेरीतून यायला आठवडा गेला. तो घेऊन मी आणि सोमाजी भल्या सकाळी निघालो. मृगाला तीन दिवस उरले होते. गायता केव्हाही छप्पर उतरवायला लागेल या धास्तीनं मी जवळजवळ पळत होतो. गावाच्या तोंडाशी असलेल्या त्या आंब्याच्या झाडापाशी पोचलो आणि थांबलो.

वाटेवर फांदी होती. हिरव्या पानांची, ताजी, दोन्ही टोकांना एकेक दगड ठेवलेली. गावातून ढोल ऐकू येत होता.

"बियाण्याचा पंडुम," सोमाजी म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "पण बाबूजी, आपण तं चांगली बातमी आणली हाये. ओलांडा ना. काई म्हणणार नाई."

मी फांदीकडे पाहिलं. ती माझ्या गुडघ्यालाही लागली नसती. झाडांमधून गायत्याच्या घराचा कोपरा दिसत होता. छपराची एक बाजू उघडी होती. वरचं गवत काढून खाली रचून ठेवलं होतं. त्यानं निघायची तयारी केली होती, आणि सणही चालवला होता. मी खिशात हात घालून कागद चाचपला आणि फांदीच्या अलीकडे, आंब्याच्या मुळावर बसलो.

सोमाजी वैतागला. "आता सांजेलोक बसाचं का?"

"बसू."

"तुम्ही तं रेंजर साहेबाहून जड निंघाले जी."

ऊन डोक्यावर आलं, कलंडलं. मुंग्या कोटात शिरल्या, कारण इतक्या महत्त्वाच्या कामाला मी कोट घालून आलो होतो. दुपारी एका बाईनं पलीकडून पाण्याचं मडकं आणून फांदीजवळ ठेवलं आणि न बोलता परत गेली. ती मैनी होती. आम्ही अलीकडून हात लांब करून पाणी घेतलं. कुठल्याही कचेरीत मला इतक्या मानानं थांबवून ठेवलेलं नाही.

दिवस मावळायच्या आधी ढोल थांबला. गायता स्वतः आला, कपाळाला तांदूळ चिकटलेले. त्यानं वाकून फांदी उचलली, बाजूला ठेवली आणि आम्हाला आत बोलावलं. मी तिथेच उभं राहून कागद वाचला, सोमाजीनं गोंडीत सांगितला. घर राहील, करार राहील. गायत्यानं मान हलवली. मैनीनं मागे वळून उघड्या छपराकडे पाहिलं आणि काहीतरी पुटपुटली. सोमाजी हसला. "म्हणते, मंग हे गवत आता बाबूंनीच चढवून द्यावं."

मी कोट काढला. आम्ही चौघांनी अंधार पडायच्या आत निम्मं छप्पर शाकारलं. मी रचलेली गवताची बाजू वाकडी झाली होती असं सोमाजी पुढे कितीतरी वर्षं सांगत असे.

खाली उतरल्यावर गायत्यानं एक गोष्ट विचारली. सोमाजीनं ती मला सांगितली. "विचारते, तो जुना शब्द गेला का?"

मी खरं ते सांगितलं. "नाही. सरकारी कागद फाडता येत नाही. तो शब्द फाईलमध्ये आहे आणि राहणार. आम्ही त्याच्यावर हा दुसरा कागद लावलाय."

सोमाजीनं सांगितलं. गायत्यानं ऐकून घेतलं, मग वाटेच्या कडेला ठेवलेल्या त्या फांदीकडे बोट करून तो काहीतरी म्हणाला. सोमाजी माझ्याकडे वळला.

"तो म्हणते, म्हणजे त्या शब्दावर तुम्ही फांदी टाकली."